खिळ्यावरचं मशीन

बैरण्णाच्या अंगणात माणूस आला की वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारायचा, "बैरण्णा आहे का?" मोटार जळलेली असो, स्टार्टर खरखरत असो, नाहीतर कुणाच्या सुनेचा मिक्सर नुसता गुरगुरत असो, आमच्या गावाला दुसरं नाव माहीत नव्हतं. त्याच्या हातांना वॉर्निशचा वास कायमचा बसलेला. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलात तर आपल्या भातालाही तोच वास यायचा. पण कुणी नाक मुरडत नसे, कारण उद्या आपलीही मोटार जळणार हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

यंदा उगादीचा पाडवा झाला आणि तीच माणसं त्याच अंगणात उभी राहून विचारायला लागली, "अंबरीश आहे का?"

अंबरीश त्याचा धाकटा भाऊ. नरसापूरकडच्या एका कारखान्यात फोनच्या आतल्या पट्ट्या जोडायचा. तिथलं काम संपलं तसा बायको नागवेणी आणि तान्ही मुलगी घेऊन घरी आला. आल्या आल्या उन्हाळ्याशी गाठ पडली. आमच्याकडे घरोघरी रेशमाचे किडे. किड्यांना उन्हाळा सोसत नाही. हवेतली ओल गेली की तुतीचा पाला मांडीवर, म्हणजे किडे ठेवतात त्या फळीवरच, वाळतो, किडे उपाशी राहतात, आणि मग कोष कागदासारखे पातळ येतात. म्हणून चैत्रात बायाबापड्या दिवसभर भिंतींवरची गोणपाटं भिजवत असतात. पाठीचा काटा ढिला होतो.

अंबरीशनं बंगळूरहून काडेपेटीएवढा एक बोर्ड आणला, हवेतली ओल मोजणारा एक सेन्सर आणला, आणि किड्यांच्या घरात पाण्याचं धुकं सोडणाऱ्या बारीक तोट्या बसवल्या. हवा सुकली की पंप आपोआप चालू, ओली झाली की बंद. गोणपाटं गेली. एवढं करून थांबला असता तरी चाललं असतं. पण आमच्याकडे परक्या माणसाला किड्यांच्या घरात पाऊल टाकू देत नाहीत, म्हणून त्यानं दाराबाहेर खिळ्यावर एक छोटा पडदा टांगला. आत किती ऊष्मा आणि किती ओल ते हिरव्या आकड्यांत त्यावर दिसायचं. झालं. सकाळ-संध्याकाळ माणसं येऊन तो पडदा वाचायला लागली. ज्यांना आकडे वाचता येत नव्हते तेही मान हलवायचे.

शेजारचा चलपती एकदा काखेत स्टार्टर घेऊन आला. बैरण्णानं सवयीनं हात पुढे केला. चलपतीनं स्टार्टर त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "हे बघ सावकाश कधीतरी. आधी अंबरीश कुठंय सांग. त्या डब्यासारखा मलाही एक करून हवाय."

"शेतात गेलाय."

"मग थांबतो की."

आणि तो खरंच थांबला. बैरण्णा जमिनीवर बसून त्याच्याच स्टार्टरचे पेच सोडवतोय आणि चलपती त्याच्या डोक्यावरून शेताच्या वाटेकडे बघतोय. बैरण्णाचा पेचकस दोनदा निसटला. दुसऱ्यांदा अंगठ्यात घुसला.

त्या दिवशी जेवताना म्हातारी पिल्लम्मा, म्हणजे दोघांची आई, रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, वळता वळता म्हणाली, "अंबरीशमुळं माझ्या दोन्ही सुनांचे हात सुटले बघ. एवढी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं."

'कुणाला' म्हणजे कोणाला, हे ताटावर बसलेल्या सगळ्यांना कळलं. बैरण्णाची बायको चौडम्मा सारु, म्हणजे पातळ आमटी, वाढता वाढता थबकली. बैरण्णानं मुद्द्याचा गोळा न चावता गिळला, तसा सगळेच गिळतात, आणि ताट पुढे सरकवलं.

"अंबरीश," तो म्हणाला, "किड्यांच्या घराची डावी बाजू तुझी. उजवी माझी. मधे ताडपत्री लावू. माझ्या बाजूचा डबा मी करतो."

"कशाला अण्णा? याच डब्यात अजून एक वायर..."

"मी करतो म्हटलं ना."

अंबरीश हसला. वाईट हसला नाही, थोरल्या भावाचं कौतुक वाटून हसला. पण पोटात दुखायला लागलं की कौतुकसुद्धा टोचतं.

खोटं कशाला बोलू, बैरण्णाचा हात कसबी. तुतीच्या बांधावर करंजाच्या सावलीत बसून तो फोनवर बघून बघून शिकला. बंगळूरच्या एस. पी. रोडवर जाऊन बोर्ड, सेन्सर आणि वीज चालू-बंद करणारा रिले घेऊन आला. मोटारीची जाड तार वळवणाऱ्या बोटांना ते केसासारखे पाय पकडताना घाम फुटायचा. पहिला बोर्ड त्यानं उलटी तार जोडून जाळला आणि तुतीच्या मुळाशी पुरून टाकला, कुणाला दिसू नये म्हणून. दुसऱ्यावर प्रोग्राम चढेना. तेव्हा भावाला विचारणं सोपं होतं. अंबरीश पंधरा पावलांवर पाला कापत होता. बैरण्णा त्याच्या पाठीकडे बघत राहिला, मग पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

चौडम्मा म्हणाली, "विचारा की त्याला. भाऊच आहे."

"तू पाला उचल."

शेवटी प्रोग्राम चढला, पंप चालू-बंद व्हायला लागला. पण तेवढ्यानं बैरण्णाचं समाधान होणार नव्हतं. भावासारखाच डबा केला तर गाव म्हणणार, अंबरीशचं बघून केला. त्याला भावाच्या पुढं जायचं होतं. आणि अंबरीशच्या डब्यात एक खोट होती, ती त्यानं हेरली होती. धुक्याचं पाणी सेन्सरवर बसायचं आणि आकडा नव्याण्णववर अडकून बसायचा. मग अंबरीश आत जाऊन सेन्सर पुसायचा, फुंकर मारायचा.

बैरण्णाला युक्ती सुचली. सेन्सरला आधी जरा ऊब द्यायची, पाणी उडवायचं, निवू द्यायचं, मग मोजायचं. ऊब देणारी एवढीशी वस्तू कुठून आणायची? त्याच्या भंगाराच्या पत्र्याच्या डब्यात डासांचं एक जुनं मशीन पडलं होतं, प्लगमध्ये खोचतात आणि खाली औषधाची बाटली लावतात तसलं. आत तापणारं कडं तयार. वर वारा खेळायला छान खाचा. बाहेरून दिसायलाही देखणं. 

आता, डासांचं औषध म्हणजे किड्यांचा यम, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. डासांची अगरबत्ती लावणाऱ्या माणसाला आंघोळीशिवाय कुणी किड्यांच्या दाराशी उभं करत नाही. बैरण्णाला कळत नव्हतं असं नाही. त्यानं हिशेब असा केला की विष बाटलीत असतं, बाटली तर कधीच फेकून दिली. उरला तो नुसता प्लग. तोही त्यानं साबणाच्या पाण्यात दोनदा धुतला. कड्यात बाटलीची काळी वात तुटून बसली होती. ती चिमट्यानं हलेना. त्याला वाटलं, असू दे, कड्याचाच भाग असेल. मोटारवाल्या माणसाला वातीचं काय माहीत.

किड्यांचा चौथा ज्वर चालू होता. ज्वरात किडे खाणं सोडून, डोकं वर करून गप्प बसतात, कात टाकतात, आणि उठले की राक्षसासारखे खातात. ते उठले त्या सकाळी बैरण्णानं आपला डबा उजव्या बाजूच्या मधल्या मांडीवर लावला. किड्यांकडे जाताना बुडवतात तसे चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून अंबरीश आत आला, ताडपत्री सारून बघत राहिला.

"अण्णा, अडकत नाही रे आकडा."

"नाही अडकत."

"कसं काय?"

"आहे तसं." बैरण्णानं डब्याला पाठ लावली.

तो दिवस त्याचा होता. पाल्याच्या फांद्या टाकताना तो शीळ घालत होता. चौडम्मानं लग्नानंतर पहिल्यांदा ती ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौडम्माच किंचाळली. उजव्या बाजूचे किडे मान इकडेतिकडे टाकत होते. हिरवं पाणी ओकत होते. बोटाएवढे किडे आखडून निम्मे झाले होते आणि पाल्यावरून टपाटपा खाली पडत होते. डाव्या बाजूला ताडपत्रीपलीकडे खाण्याचा आवाज जोरात चालू होता.

"औषध लागलंय," पिल्लम्मा म्हणाली. तिनं एकदाच बघितलं आणि ठरवलं, आणि ते बरोबरही होतं. प्रश्न होता कुठून. पाला दोन्ही बाजूंना एकाच बांधाचा. फवारणी कुणाच्या शेतात नव्हती. म्हातारीनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचे हात हुंगले, तोंडं हुंगली. कुणी तंबाखू खाल्ली का, कुणी अत्तर लावलं का. बैरण्णाच्या हातांना नेहमीचा वॉर्निशचा वास होता. त्या वासाखाली दुसरं काही कळणं शक्य नव्हतं. म्हातारी पुढे सरकली.

तेव्हा बैरण्णा बोलला. हळूच बोलला.

"मी कुणाचं नाव घेत नाही. पण धाकटीच्या खोलीत रात्रभर डासांचं मशीन चालतं. आणि तिची खिडकी माझ्या बाजूला येते."

नागवेणीच्या कडेवर मुलगी होती. तिच्या गालांवर डास चावल्याचे लाल ठिपके अजून होते.

"भावोजी," नागवेणी म्हणाली, "ती खिडकी मी आल्यापासून उघडलेली नाही. तिला खिळे तुम्हीच ठोकलेत."

"फटी असतात," बैरण्णा म्हणाला.

"फटी असतात," पिल्लम्माही म्हणाली. मग तिनं सुनेकडे बघून सांगितलं, "आजपासून किड्यांच्या घरात पाऊल टाकायचं नाही."

बाहेरच्यांना हे एवढंसं वाटेल. आमच्याकडे किड्यांच्या घरात जिला जागा नाही तिला स्वयंपाकघरातही आवाज नाही. ती पाहुणी. आलेल्या बाया तिच्याशी बोलताना पदर सावरून दूर बसतात, घरी जाऊन आंघोळ करतात.

अंबरीशनं आईशी वाद घातला नाही. आत गेला, बायकोचं मशीन उपसून आणलं आणि कपडे धुवायच्या दगडावर आपटलं. त्याचे तुकडे अंगणात उडाले. नागवेणी त्या तुकड्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही तसंच वाटतंय." तो खाली बसून तुकडे वेचायला लागला. दुपारच्या आत तिनं पिशवी भरली आणि म्हणाली, मला चिंतामणी गावाला सोडा, माझ्या आईकडे. विषारी बाई म्हणून या घरात मी राहणार नाही.

मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा बैरण्णाला बरं वाटलं. हे त्यानंच पुढे माझ्याजवळ कबूल केलं. बायको गेली की मागोमाग अंबरीशही जाईल, अंगण पुन्हा आपलं होईल, हा विचार त्याच्या मनात पाणी शिरावं तसा शिरला, आणि त्यानं तो बाहेर काढला नाही.

मग तो मेलेले किडे वेचायला आत गेला. टोपली घेऊन दारापासून सुरुवात केली. दाराजवळच्या मांडीवर मेलेले थोडे होते. पुढच्या मांडीवर जास्त. मधल्या मांडीवर, त्याच्या डब्याखाली, एकही किडा जिवंत नव्हता. त्यापुढे पुन्हा कमी कमी. शेवटच्या मांडीवर, नागवेणीच्या खिळे ठोकलेल्या खिडकीला लागून, किडे मजेत खात होते.

बैरण्णा टोपली धरून उभा राहिला. तेवढ्यात डब्यातला रिले टिक करून वाजला आणि कडं तापायला लागलं.

त्यानं डबा काढला, जुन्या लुंगीत गुंडाळला आणि भंगाराच्या पत्र्याच्या डब्यात अगदी तळाला घातला. चौडम्मानं विचारलं तर म्हणाला, "रिले गेला." मग खड्डा खणून किडे चुना टाकून पुरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओकणं थांबलं. उरलेले किडे सावरले.

पिल्लम्मा दारात येऊन उभी राहिली. "बघितलंस? ती गेली आणि थांबलं."

एवढ्या एका वाक्यानं नागवेणीवर शिक्का बसला. बैरण्णाला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. तो हौदावर गेला आणि कोपरापर्यंत हात धूत बसला.

त्याच्या बाजूची हवा पुन्हा सुकायला लागली. चौडम्मानं जुनी गोणपाटं काढली. ती भिजवतेय एवढ्यात अंबरीश आला, न विचारता ताडपत्री सोडली, आपली नळी पुढे ओढून उजव्या बाजूला तोट्या लावून दिल्या. "वहिनी, राहू द्या ती गोणपाटं," म्हणाला. थोबाडीत मारली असती तर बैरण्णाला सोसलं असतं. हे सोसलं नाही. भावाच्या धुक्यात उभं राहून तो पाला टाकत राहिला आणि आतून जळत राहिला. आपल्या चुकीपेक्षा त्याला भावाचा चांगुलपणा जास्त बोचत होता. माणूस असाच असतो, मी काही नवीन सांगत नाही.

किडे पिकले. पिवळसर, पारदर्शक झाले की त्यांना वेचून चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या मोठ्या चटईवर, सोडतात. या कामाला घरातले सगळे हात लागतात. दोन हात कमी होते. अंबरीश वाकून वाकून दोघांचं काम एकटा करत होता. त्याच्या कमरेला फडकं बांधलेलं. मधेच फोन वाजला की बाहेर जायचा, नागवेणीशी बोलायचा, लाल डोळ्यांनी परत यायचा. डाव्या बाजूचे कोष टणक आले. उजव्या बाजूचे निम्मे आणि मऊ.

कोष बाजारात गेले. किड्यांचं घर रिकामं झालं. दोघं भाऊ ब्लीचिंगच्या पाण्यानं मांड्या घासत होते. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोण कशानं रडतोय ते कळायचं नाही.

"अण्णा," अंबरीश म्हणाला, "मी चिंतामणीला खोली बघितलीय. ती इथं येणार नाही म्हणते. चुकीचंही नाही तिचं. पुढच्या महिन्यात कुठंतरी कामाला लागेन. डबा, पंप, सगळं इथंच ठेवतो. तू सांभाळ. गावातले लोक येतील, त्यांना तूच बघ."

बैरण्णानं ब्रश थांबवला नाही. हवं ते सगळं आपण होऊन हातात पडत होतं. नुसतं "बरं" म्हणायचं होतं.

"फक्त एक सांग," अंबरीश म्हणाला. "माझा सेन्सर आजही नव्याण्णववर अडकलाय. तुझा एकदाही अडकला नाही. मी कारखान्यात एवढी वर्षं काढली, मला हे जमलं नाही. काय केलं होतंस रे? डोकं लावलंस तू."

हेच वाक्य. याच वाक्यासाठी त्यानं बोटं भाजून घेतली होती, बोर्ड पुरला होता, करंजाखाली बसून डोळे फोडले होते. आईसमोर, चलपतीसमोर, सगळ्या गावासमोर ऐकायचं होतं ते. ते आलं तेव्हा ऐकायला दोघंच होते आणि घरात एकही किडा नव्हता.

"अण्णा?"

बैरण्णानं ब्रश बादलीत टाकला. बाहेर गेला. पत्र्याचा डबा उपडा केल्याचा आवाज आला. परत आला तो त्या जुन्या लुंगीची गाठ सोडत. आतला डबा भावाच्या हातावर ठेवला.

अंबरीशनं पेच सोडवले. आधी कौतुकानं बघितलं, कडं, रिले, सेन्सर, आणि "वा" म्हणण्यासाठी तोंड उघडलं. मग त्याला काळी वात दिसली. त्यानं ती नखानं टोकरली. नाकाशी नेली.

एकदाच हुंगली. डासांचं औषध. मग त्यानं डबा ओल्या फरशीवर ठेवला.

"कधी कळलं तुला?" तो म्हणाला.

"ती गेली त्याच दुपारी."

"त्याच दुपारी." अंबरीश उठला. त्याच्या हाताच्या मुठी झाल्या होत्या. बैरण्णा जागचा हलला नाही. मार बसला असता तर बरं, असं त्याला वाटत होतं. अंबरीशनं मारलं नाही. "शर्ट घाल," म्हणाला. "तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

दोघं मोटारसायकलवरून चिंतामणीला निघाले. आणि मागं बसल्या बसल्या बैरण्णाच्या मनात काय येत होतं? जे आपल्याला धुताना, जोडताना, लावताना कळलं नाही, ते यानं एका हुंगण्यात ओळखलं. तेव्हासुद्धा तो जळला. ही खोड मेल्याशिवाय जात नसावी.

नागवेणीच्या आईच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं, वातीसकट, त्या दुपारसकट. नागवेणी मुलीला भरवत होती. तिनं भरवणं पुरं केलं, मुलीचं तोंड पुसलं.

"अत्तेला, तुमच्या आईला, सांगितलं?"

"सांगतो."

"अत्तेला सांगून भागायचं नाही, भावोजी. गावभर माझं नाव झालंय. तुम्ही घरोघर जाणार का सांगत?"

त्यानं काही म्हणायच्या आत तिनंच सांगितलं.

"तुमच्या दाराबाहेर खिळा आहे ना, यांचा पडदा टांगलेला? तो पडदा आत घ्या. तिथं तुमचं ते मशीन टांगा. माणसं येतातच बघायला. कुणी विचारलं तर तुम्ही बाहेर यायचं आणि सांगायचं. दुसऱ्या कुणी नाही. आणि ते काढायचं कधी, ते मी सांगेन."

"बरं," बैरण्णा म्हणाला. हे 'बरं' त्याला मघाशीच म्हणता आलं असतं, दुसऱ्या कशासाठी.

घरी येऊन बैरण्णानं पिल्लम्मालाही सगळं सांगितलं. धाकटी आली तेव्हा म्हातारीनं स्वतः उठून दाराशी चुन्याचं पाणी ओतलं. "ये," एवढंच म्हणाली. नागवेणीनं पाय बुडवले आणि आत गेली. नव्या किड्यांचे ट्रे त्याच सकाळी आले होते. चौडम्मानं तिच्या हातात पाल्याची टोपली दिली.

थोड्या वेळानं चलपती आला. खिळ्याकडे बघून थबकला. हिरव्या आकड्यांच्या जागी डासांचं मशीन लटकत होतं, तुटक्या काळ्या वातीसकट.

"अगं, हे काय?" त्यानं दाराच्या जाळीतून विचारलं. "किड्यांच्या दारात हे? अंबरीशनं नवीन काही काढलंय का? कुठंय तो?"

"त्यांचं नाही ते," नागवेणी आतून म्हणाली. तिनं हातातला पाला थांबवला नाही. "ज्यांचं आहे त्यांना विचारा."

चलपतीनं अंगणाकडे तोंड केलं आणि पूर्वीसारखी मोठ्यानं हाक मारली, "बैरण्णा आहे का?"

बैरण्णा बाहेर आला. लुंगीला हात पुसले, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.